शंभर सीसीची मोटारसायकल : सर्व्हिसिंगच्या दोन खेपांच्या मध्ये घरी काय करावे?

पलासियाकर

माझ्याकडे शंभर सीसीची, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेली मोटारसायकल आहे. तिचा रोजचा प्रवास इंदूरमध्ये पलासियाहून राजवाड्यापर्यंत आणि परत, म्हणजे एका बाजूने जेमतेम चार किलोमीटरचा आहे. एवढ्याशा अंतरातही प्रत्येक सिग्नलला थांबणे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहणे आणि रस्त्याच्या कामांची धूळ झेलणे तिला चुकत नाही. वर्षाकाठी किलोमीटर मात्र फारसे होत नाहीत. गॅरेजमध्ये गेलो की "किती चालली?" हाच पहिला प्रश्न असतो आणि आकडा ऐकून "अजून वेळ आहे" असे सांगून गाडी परत पाठवतात. कधी ठेवून घेतलीच, तर "फुल सर्व्हिस" या दोन शब्दांखाली नेमके काय केले ते बिलावरून समजत नाही.

माझे मत असे की, लहान मोटारसायकलीची निगा केवळ किलोमीटरच्या आकड्यावर सोडणे योग्य नाही. ती कोणत्या रस्त्यावर, किती धुळीत आणि किती भार घेऊन चालते यावर देखभालीचे अंतर ठरायला हवे, आणि त्यातील निम्मी कामे मालकाने स्वतःच्या हातांनी करायला हवीत, कारण गाडीत काय बदलते आहे हे रोज चालवणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. साध्या पान्यांनी घरी कोणती कामे करावीत आणि किती दिवसांनी? आणि कोणत्या कामांना घरी हात लावूच नये?

राऊ_ते_पीथमपूर

आपल्या मताशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. गाडीच्या पुस्तिकेतील सर्व्हिसिंगचा तक्ता नीट पाहिलात तर किलोमीटरच्या शेजारी दिवस किंवा महिनेही दिलेले आढळतील आणि यांपैकी जे आधी येईल ते धरावे, अशी सूचना असेल. धुळीच्या भागात एअर फिल्टर लवकर पाहावा हेही बहुतेक पुस्तिकांत तक्त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले असते. तक्ता पुरेसा आहे. तो अर्धाच वाचला जातो.

माझी परिस्थिती आपल्या अगदी उलट आहे. मी राऊहून पीथमपूरला कारखान्यात जातो. रस्ता मोकळा, वेग स्थिर आणि इंजिन पूर्ण तापलेले असते. किलोमीटर भराभर वाढतात, तरी बदलायच्या वेळी ऑइल बऱ्या स्थितीत निघते. चार किलोमीटरच्या फेरीत, विशेषतः थंडीत आणि पावसाळ्यात, ऑइल पुरते गरम होण्याआधीच गाडी बंद होते. ज्वलनात तयार झालेली पाण्याची वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल साठते त्या इंजिनाच्या तळात, उतरत असते. ऑइल चांगले तापले तर हा ओलावा उडून जातो, न तापले तर तेथेच साचतो. शिवाय सिग्नलवर उभे असताना इंजिन फिरतच असते, पण किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून आपल्या गाडीसाठी महिन्यांचा हिशेब खरा आणि माझ्या गाडीसाठी किलोमीटरचा.

जुनी_शंभर

१९८५ मध्ये सीडी १०० आली, तेव्हा "फिल इट, शट इट, फर्गेट इट" ही तिची जाहिरात घराघरांत पोहोचली. तो दावा पेट्रोलच्या बचतीविषयी होता, परंतु लोकांनी तो सबंध गाडीलाच लावला. त्याआधीच्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत असे, त्यामुळे मालकाचे लक्ष दर वेळी ऑइलकडे जाई. फोर-स्ट्रोक आली आणि ऑइल डोळ्यांआड झाले. त्यातून या लहान इंजिनांनी इतके सहन केले की, काहीही न पाहता वर्षे काढता येतात असा समज दृढ झाला. आपण हा प्रश्न विचारलात याचा म्हणूनच आनंद वाटला.

आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, सर्वांत आधी टायरची हवा पाहावी. चालवून आल्यावर टायर तापलेले असतात आणि दाब जास्त दिसतो. पुढच्या व मागच्या टायरचा दाब वेगळा असतो आणि मागच्याचा एकट्यासाठी व दोघांसाठी पुन्हा वेगळा असतो. हे आकडे गाडीवरच्या स्टिकरवर दिलेले असतात. पंपावर मुलगा विचारतो आणि आपण "तीस-तीस" सांगून मोकळे होतो, ही सवय सोडावी. स्वतःचा लहानसा गेज घ्यावा, तो फार महाग नसतो. हवा पाहताना टायरच्या नक्षीत रुतलेला खिळा किंवा काचेचा तुकडाही दिसतो.

त्यानंतर क्लचच्या लिव्हरची मोकळी चाल पाहावी. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर चाल मोकळी हवी. ती अजिबात नसेल तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेटा घासतात. फार असेल तर गिअर अडकत पडतात. मागच्या ड्रम ब्रेकच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर चाल असावी. पुढचा ब्रेक दाबून आणि मागचा ब्रेक दाबून, दोन्ही वेळा मागचा लाल दिवा लागतो का ते भिंतीवर पडणाऱ्या उजेडात पाहावे. ऑइलची पातळी मात्र सर्वांत शेवटी, कारण त्यासाठी इंजिन थोडे चालवावे लागते.

मृणाल_टिळकनगर

काका, ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक आटे पिळून पूर्ण आत बसवून पाहायची की नुसती टेकवून? आमच्या घरी यावर दोन मते आहेत आणि दोन्ही पद्धतींनी पातळी वेगळी दिसते.

जुनी_शंभर

मृणाल, आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतील पद्धत प्रमाण मानावी, पण हीरो आणि होंडाच्या लहान मोटारसायकलींत डिपस्टिक नुसती टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून पुन्हा दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली उतरते. मग डिपस्टिक काढून स्वच्छ कापडाने पुसावी आणि टेकवून पाहावी. आटे पिळले तर ती अधिक खोल जाते आणि कमी असलेले ऑइलही पुरेसे वाटते. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी धरूच नये.

मृणाल_टिळकनगर

म्हणजे बाबांची पद्धत बरोबर ठरली. त्यांना आत्ताच हे वाचून दाखवले.

सुदामानगरचे_गॅरेज

मी स्वतः गॅरेज चालवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शंभर सीसीच्या बहुतेक इंजिनांत ऑइल एक लिटरच्या आसपासच असते. म्हणजे दोनशे मिलिलिटर कमी झाले की पाचवा हिस्सा गेला. मोटारीत एवढी घट जाणवणारही नाही, येथे मात्र उरलेल्या ऑइललाच इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच असा तिघांचा संसार चालवायचा असतो. गिऱ्हाईक किती किलोमीटरांनी ऑइल बदलू असे विचारतात, पण मधल्या काळात पातळी पाहिली का, याला उत्तर नसते. उशिरा बदललेल्या ऑइलपेक्षा कमी पडलेल्या ऑइलने बिघडलेली इंजिने मी अधिक उघडली आहेत.

दुसरे म्हणजे, ऑइलचा डबा घेताना त्यावर ग्रेडबरोबर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए-टू असे लिहिलेले आहे का ते पाहा. मोटारसायकलीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे त्याच्या प्लेटांना घट्ट पकड मिळेल असेच ऑइल लागते. एमबी प्रकारचे ऑइल घर्षण कमी करणारे असते आणि ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी आहे, कारण तिचा क्लच ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. अनेक घरांत स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतात आणि स्कूटरचा उरलेला डबा मोटारसायकलीत ओतला जातो. नंतर चढावर इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, आणि क्लचप्लेटा खराब झाल्या म्हणून गाडी माझ्याकडे येते. मोटारीचे ऑइलही याच कारणाने घालू नये.

बदलण्याच्या अंतराबाबत माझे मत राऊच्या दादांपेक्षा वेगळे आहे. काही पुस्तिकांत ६००० किलोमीटर दिलेले असतात. हीरोच्या ९७.२ सीसीच्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. तेथे एक जाळी असते आणि क्रँकबरोबर फिरणारा एक सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, त्याच्या भिंतीला कचरा चिकटून राहतो. तो साफ करायचा म्हणजे क्लचकव्हर उघडावे लागते आणि ते काम क्वचितच कोणी करून घेतो. अशा गाडीला शहरात ३००० किलोमीटरांवर ऑइल बदलावे, असे मी सांगतो.

राऊ_ते_पीथमपूर

गॅरेजवाल्या दादांचा अनुभव मोठा आहे, तरी एक शंका मांडतो. तो फिल्टरच साफ करून घेणे हा योग्य उपाय नव्हे काय? फिल्टर तसाच ठेवून ऑइल दुप्पट वेळा बदलण्यात पैसे जातात आणि कचरा आतच राहतो. मोकळ्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ६००० किलोमीटर आणि मध्ये पातळी राखणे एवढे पुरते, असे माझे मत आहे.

सुदामानगरचे_गॅरेज

फिल्टर साफ करून घ्यावा हे अगदी मान्य. कव्हर उघडले की गॅस्केट नवे टाकावे लागते आणि मजुरीही वाढते, म्हणून लोक टाळतात. आपण करून घेत असाल तर आपले अंतर आपल्या रस्त्याला योग्य आहे. पलासिया ते राजवाडा या रस्त्यासाठी मी माझे मत बदलणार नाही.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितो आहे. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सोबत धुळीच्या आंधी येतात. येथे ऑइलइतकेच महत्त्व एअर फिल्टरला आहे आणि त्याबाबत एक घोटाळा सर्रास दिसतो.

जुन्या गाड्यांत स्पंजाचा फिल्टर असे. तो रॉकेलमध्ये धुवून, न पिळवटता दाबून, पूर्ण वाळवून, मग ऑइलमध्ये भिजवून जादा ऑइल दाबून काढायचे आणि बसवायचा, ही पद्धत त्यासाठी योग्य आहे. पेट्रोलने धुणे धोक्याचे आहे. नव्या बऱ्याच गाड्यांत मात्र चिकट द्रव लावलेला कागदी फिल्टर येतो. तो धुवायचा नसतो आणि हवेच्या दाबाने फुंकायचाही नसतो; मुदत भरली की, किंवा धूळ फार असेल तर त्याआधीच, नवा टाकायचा असतो. हवा मारली की तो वरून स्वच्छ दिसतो, पण त्याचा चिकटपणा जातो, कागदाला बारीक भेगा पडतात आणि त्यानंतर येणारी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. सर्व्हिसिंगच्या वेळी "फिल्टर साफ केला" असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तो कोणत्या प्रकारचा होता हे अवश्य विचारावे.

धुळीने बुजलेल्या फिल्टरमुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते, प्लग काळा होतो आणि मायलेज उतरते. मग लोक कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसतात.

पलासियाकर

लष्करकर, आपला प्रतिसाद वाचून खाली जाऊन फिल्टर पाहिला. माझ्या गाडीत स्पंजाचा आहे आणि तो कोरडा ठणठणीत आहे, म्हणजे धुतल्यावर त्याला ऑइल लावलेलेच नाही. आता चेनविषयीही कोणी लिहावे. माझ्या गाडीची चेन पूर्ण झाकलेल्या कव्हरमध्ये आहे, त्यामुळे ती दिसतच नाही.

जुना_चालक_उज्जैन

चेनला मी कायम गॅरेजमधले जळके ऑइल घालतो. ते फुकट मिळते आणि चेनचा आवाज लगेच थांबतो. यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

राऊ_ते_पीथमपूर

उज्जैनकर काका, आदरपूर्वक असहमती नोंदवतो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातून आलेले धातूचे बारीक कण आणि काजळी असते. ते चेनच्या पिना आणि बुशांच्या मध्ये गेले की घासण्याचेच काम करतात. आवाज थांबतो, झीज चालू राहते. शिवाय ते पातळ झालेले असते, त्यामुळे दोन दिवसांत उडून मागच्या चाकावर येते. एसएई ९० गिअर ऑइल घ्यावे. थोडे घेतले तरी बराच काळ पुरते.

पलासियाकर, आपल्या चेनकव्हरला खालच्या बाजूला किंवा मध्यावर एक रबरी बूच असेल. ते काढले की चेनचा खालचा पदर दिसतो. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवून, बोटाने चेन वर-खाली करून तिची ढील पाहावी. बहुतेक लहान गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक हळूहळू फिरवत तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत ताठ लागते, तेथे ढील पुरेशी हवी. चेन फार ताणून ठेवली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो आणि मागे दोघे बसले की ती आणखी ताठ होते.

ढील कमी करताना मागच्या ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्याच खुणेपर्यंत आणावेत, नाही तर चाक तिरके बसते आणि टायर एका बाजूने झिजतो. चाक मागे सरकले की ब्रेकच्या पेडलची चालही बदलते, म्हणून चेनच्या कामानंतर मागचा ब्रेक पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. ॲक्सलचा नट शेवटी पूर्ण आवळला आहे याची दोनदा खात्री करावी.

जुना_चालक_उज्जैन

आपण कारण नीट समजावून सांगितलेत. पुढच्या वेळी गिअर ऑइल घालून पाहीन. चेन बदलायची झाली तर स्प्रॉकेटही (चेनचे दातेरी चाक) बदलावेच लागते का?

सुदामानगरचे_गॅरेज

होय काका, पुढचे-मागचे दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच बदलावी. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकर त्याच मापाची होते. इंदूरला छोट्या ग्वालटोलीत सेट घ्यायला गेलात तर पक्के बिल मागून घ्या आणि वेष्टन न फोडलेलाच सेट घ्या.

विश्वामित्रीकाठ

बडोद्याहून एक वेगळा मुद्दा मांडते. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमधील असंख्य दुचाकी बुडाल्या. पाणी ओसरल्यावर बहुतेकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे किक मारून पाहणे, आणि नुकसान तेथेच वाढले. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

पाण्यात बुडालेली गाडी किकने किंवा सेल्फने सुरू करू नये. बॅटरीची वायर काढावी, गाडीचे फोटो काढावेत आणि विमा असेल तर कंपनीला आधी कळवावे. बुडालेले इंजिन आपण सुरू केल्यामुळे झालेले नुकसान विमा कंपनी नाकारू शकते. नंतर प्लग काढून पाणी बाहेर काढतात, ऑइल पूर्ण काढतात आणि टाकी, कार्ब्युरेटर व एअर फिल्टरचा डबा रिकामा करतात. ऑइल दुधासारखे पांढरट निघाले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. अशा वेळी नवे ऑइल घालून, इंजिन थोडे चालवून, तेही बदलावे लागते. ब्रेकचे ड्रम उघडून आतील चिखल काढणे आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरणे लोक विसरतात. त्याची किंमत काही महिन्यांनी मोजावी लागते. प्लग काढण्यापलीकडचे यातील काहीही घरी करू नये, असे माझे मत आहे.

मृणाल_टिळकनगर

ताई, फार उपयोगी माहिती दिलीत. इंदूरलाही जोराच्या पावसात सखल भागांत सायलेन्सरपर्यंत पाणी येते. अशा पाण्यातून जाऊन आल्यावर काय पाहावे?

विश्वामित्रीकाठ

गाडी बंद पडली नसेल तर बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालवावे, म्हणजे ड्रममधले पाणी वाळते. दुसऱ्या दिवशी चेनला ऑइल द्यावे आणि डिपस्टिकवर पांढरट फेस दिसतो का ते पाहावे. गाडी पाण्यातच बंद पडली तर ढकलत बाहेर काढावी.

घाटवाट

ब्रेकचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आम्ही पती-पत्नी लहान मोटारसायकलीवर खंडवा रस्त्याने ओंकारेश्वरला जातो. भेरूघाटाच्या उतारावर दोघांचा भार असताना केवळ ड्रम ब्रेकवर विसंबलो तर ते तापून त्यांची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून थांबून लावावा. निघण्यापूर्वी ब्रेकच्या पॅनेलवरील बाण पाहावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण पॅनेलवर कोरलेल्या खुणेपर्यंत पोहोचत असेल तर ब्रेक शू संपले आहेत. तेव्हा नट आवळून चाल कमी करणे ही फसवणूक आहे, शू बदलावेत.

ज्यांची गाडी एप्रिल २०१९ नंतरची आहे, त्यांच्या सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाडीत मागचे पेडल दाबताच पुढचाही ब्रेक थोडा लागण्याची सोय असते. ती व्यवस्था जुळवण्याचा क्रम निराळा आहे, त्यामुळे तेथे घरी पाना लावू नये.

शनिवारचा_स्वार

माझी गाडी आठवड्यातून एकदाच निघते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते, त्याचा जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर काय परिणाम होतो? माझे मायलेजही थोडे उतरले आहे.

सुदामानगरचे_गॅरेज

लिटरमागे पाहिले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे उतरणे स्वाभाविक आहे. तेवढ्यासाठी कार्ब्युरेटर उघडू नये. इथेनॉल ओलावा शोषून घेते. गाडी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर टाकी बरीचशी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल लहान भांड्यात काढून घ्यावे. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि जवळ ज्योत नसताना करावे. पेट्रोलची रबरी नळी फुगली आहे किंवा तिला भेगा पडल्या आहेत का, हे दर पावसाळ्याआधी बोटांनी वाकवून पाहावे.

नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना हा स्क्रू नसतो. त्यांचा पेट्रोलपंप टाकीत असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो, म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नये.

मृणाल_टिळकनगर

घरी ऑइल बदलले तर जुन्या ऑइलचे काय करावे? आपल्या शहराचे नाव २०१७ पासून स्वच्छतेत पहिले घेतले जाते आणि कचरागाडीत घातक कचऱ्याचा कप्पाही वेगळा असतो, पण त्यात ऑइल ओतता येणार नाही.

सुदामानगरचे_गॅरेज

बरोबर आहे. ते नालीत, मातीत किंवा कचऱ्यात टाकू नये. रिकाम्या डब्यात भरून जवळच्या गॅरेजमध्ये द्यावे. आमच्याकडे पिंपात साठवलेले जुने ऑइल उचलून नेणारे येतात आणि आम्ही कोणाचाही डबा परत पाठवत नाही.

पलासियाकर

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळाले आहे. दुसरा प्रश्न पुन्हा मांडतो. घरी हात लावू नये अशी कामे कोणती? विशेषतः टॅपेटविषयी जाणून घ्यायचे आहे. माझ्या गाडीतून सकाळी टकटक आवाज येतो आणि ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की, टॅपेट आवळून घ्या म्हणजे आवाज बंद होईल.

सुदामानगरचे_गॅरेज

या प्रश्नाची मी वाट पाहत होतो, कारण या एका सल्ल्याने फार इंजिने बिघडली आहेत. टॅपेट म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्ह (झडप) आणि तो दाबणारी दांडी यांच्यातली फट जुळवणारा स्क्रू. सैल टॅपेट आवाज करते, त्यामुळे ते लक्षात येते. घट्ट टॅपेट अजिबात आवाज करत नाही आणि तेच अधिक घातक आहे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकतो तेव्हाच त्याची उष्णता सिलिंडर हेडमध्ये उतरते. फट फार कमी ठेवली तर तो पूर्ण टेकत नाही, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळू लागतो, कॉम्प्रेशन उतरते आणि एक दिवस गाडी किकला दाद देत नाही. चालून चालून व्हॉल्व्हची बैठक झिजते तसतशी फट आपोआपही कमी होते, म्हणून आवाज नसला तरी टॅपेट तपासावे लागते.

ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. ती इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला सर्वांत वर आणून, फीलर गेजने मोजायची असते. गाडी सकाळी नेऊन ठेवावी आणि इंजिन थंड झाल्यावरच काम करा असे सांगावे. गरम इंजिनावर, कानाने ऐकून टॅपेट जुळवणाऱ्याकडे गाडी देऊ नये. हलका, एकसारखा टिकटिक आवाज या इंजिनांचा स्वभावच आहे. तो वाढला तर दाखवावा.

प्लग घरी काढायला हरकत नाही, पण इंजिन थंड असतानाच काढावा आणि बसवताना आधी हातानेच आटे फिरवावेत. हेड ॲल्युमिनियमचे असते, पान्याने तिरका घातलेला प्लग आटे कापून टाकतो. प्लगचे टोक फिकट विटकरी असेल तर ठीक. काजळी असेल तर लष्करकरांनी सांगितलेला फिल्टर आधी पाहा. क्लचकव्हर, कार्ब्युरेटरचे जेट, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि स्टिअरिंगचे बेअरिंग यांना घरी हात लावू नये.

पलासियाकर

आभारी आहे. टॅपेट आवळण्याचा विचार सोडून दिला आहे. आता एकच बाकी राहते. माझे किलोमीटर ३००० सुद्धा वर्षभरात होत नाहीत. मग ऑइल कधी बदलावे?

जुनी_शंभर

वर्षातून दोनदा. एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडी. पावसाळ्यात साचलेला ओलावा ऑक्टोबरच्या बदलात निघून जातो. याखेरीज, महिन्यातून एकदा गाडी देवास किंवा महूपर्यंत नेऊन आणावी, म्हणजे ऑइल पूर्ण तापेल आणि बॅटरीही नीट चार्ज होईल. २०१७ नंतरच्या गाड्यांत पुढचा दिवा कायम चालू असतो, त्यांना तर याची अधिकच गरज आहे.

राऊ_ते_पीथमपूर

दोनदा हे मला थोडे अधिक वाटते. महिन्याची ती लांब फेरी नियमित होणार असेल, तर ऑक्टोबरचा एकच बदल पुरेल. ती होणार नसेल तर काकांचे म्हणणे योग्य आहे.

लष्करकर

इंदूरसाठी ऑक्टोबर ठीक आहे. आम्ही ग्वाल्हेरकर मात्र स्पंजाचा फिल्टर आंधीचे दिवस सरल्यावर, म्हणजे पाऊस सुरू होताच धुतो आणि ऑइलही त्याच वेळी पाहतो. पलासियाकर, आपला फिल्टर आत्ता कोरडा आहे, तेव्हा ऑक्टोबरची वाट न पाहता त्याला आजच ऑइल लावून घ्यावे.